इथाकाच्या समुद्रात दोघांची नौका

ग्रीस देशाच्या पश्चिम किनाऱ्यालगत आयोनियन समुद्रात बेटांची एक माळ पसरलेली आहे. कोर्फू, पाक्सोस, लेफकादा, इथाका, केफालोनिया आणि झाकिंथोस ही त्यांतील ठळक नावे. इ. स. १७९७ पर्यंत या बेटांवर व्हेनिसच्या प्रजासत्ताकाची सत्ता होती. पुढे १८१५ पासून १८६४ पर्यंत ती इंग्रजांच्या संरक्षणाखाली राहिली आणि त्यानंतर ग्रीसमध्ये सामील झाली. बेटांचे डोंगर थेट पाण्यातून वर चढलेले दिसतात. उतारावर ऑलिव्हच्या बागा, मधूनमधून सरूची उंच, सडपातळ झाडे आणि पायथ्याशी एखाद्या खाडीच्या कुशीत वसलेले चाळीस-पन्नास घरांचे गाव, असे येथील सर्वसाधारण दृश्य आहे.

शिडाच्या छोट्या नौकेतून प्रवास करणाऱ्यांना हा समुद्र विशेष प्रिय आहे. येथे भरती-ओहोटीचा फरक इतका थोडा असतो, की धक्क्याला बांधलेली नौका रात्रभरात फारशी वरखाली होत नाही. एका बेटावरून दुसरे बेट बहुधा दिसतच असते. उन्हाळ्यात सकाळी पाणी आरशासारखे स्तब्ध असते. दुपार कलू लागली, की वायव्येकडून वारा सुटतो. त्याला तेथील लोक ‘माइस्त्रो’ म्हणतात. तो हळूहळू वाढत जातो, लाटांवर पांढरा फेस दिसू लागतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास पुष्कळदा आपोआप पडतो. ज्याने हे वेळापत्रक ओळखले, त्याचा प्रवास सुखाचा होतो. ज्याने दुर्लक्ष केले, त्याला हाच प्रेमळ समुद्र चार गोष्टी शिकवून सोडतो.

या परिसराची जुनी कीर्ती मात्र एका दांपत्यामुळे आहे. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यातील नायक ओडिसियस हा इथाकाचा राजा. दहा वर्षे ट्रॉयच्या युद्धात आणि दहा वर्षे समुद्रावर भटकण्यात गेल्यावर तो घरी परतला. त्याची पत्नी पेनेलोपी हिने वीस वर्षे त्याची वाट पाहिली. आजचे इथाका बेट हेच होमरचे इथाका काय, याविषयी विद्वानांत वाद आहेत. जर्मन पुरातत्त्वज्ञ विल्हेल्म डॉर्पफेल्ड यांनी लेफकादा हेच खरे इथाका, असे मत मांडले, त्यासाठी निद्री गावाजवळ उत्खनने केली आणि त्याच परिसरात त्यांना चिरविश्रांती मिळाली. वादाचा निकाल काहीही लागो, कथेतील कामाची वाटणी स्पष्ट आहे. पती समुद्रावर, पत्नी किनाऱ्यावर. आज त्याच समुद्रावर पती-पत्नी एकाच नौकेतून हिंडतात. जागा बदलली, परंतु ती जुनी वाटणी सुटली आहे काय, हा प्रश्न तेथे रोज सायंकाळी कोणत्या ना कोणत्या धक्क्यावर उभा राहतो.

लेफकादा हे बेट मुख्य भूमीला एका बांधाने आणि तरंगत्या पुलाने जोडलेले आहे. शहराजवळच नौकांचे मोठे बंदर असून तेथून आठवड्याच्या कराराने नौका भाड्याने मिळतात. ग्रीसमध्ये अशी नौका घेताना एका व्यक्तीजवळ नौकानयनाचा परवाना असावा लागतो. बरोबरच्या दुसऱ्या व्यक्तीजवळ परवाना नसेल, तर आपल्यालाही नौका हाताळण्याचा अनुभव आहे, असे तिला लेखी द्यावे लागते. जूनमधील एका शनिवारी पन्नाशी ओलांडलेले एक इंग्रज दांपत्य तेथील कार्यालयात बसले होते. गृहस्थांनी आपला परवाना पुढे ठेवला. बाईंनी दुसऱ्या कागदावर सही केली. गेली बारा वर्षे त्या पतीसमवेत नौकेवर जात होत्या. दोऱ्या ओढणे, नांगर सोडणे, स्वयंपाक करणे, धक्क्यावर उडी मारणे हे सर्व त्यांनी केले होते. परंतु बंदरात शिरताना किंवा बाहेर पडताना सुकाणू त्यांच्या हाती कधीही आले नव्हते. सही करताना त्यांचे पेन क्षणभर थांबले, एवढेच.

त्यांना मिळालेली नौका अकरा मीटर लांबीची होती. वजन सात टनांच्या आसपास, मध्यभागी उंच डोलकाठी, तिच्यामागे मुख्य शीड आणि पुढे गुंडाळून ठेवता येणारे दुसरे शीड. पोटात तीस अश्वशक्तीच्या आसपासचे डिझेल इंजिन. अशा नौकेला वस्तुतः दोन स्वभाव असतात. शिडावर ती वाऱ्याचे ऐकते, इंजिनावर ती पंख्याचे ऐकते. दोन्ही स्वभाव ओळखल्याशिवाय तिला घेऊन फिरणे म्हणजे अर्ध्याच भाषेत संसार करणे होय.

रविवारी सकाळी लेफकादाच्या कालव्यातून ते दक्षिणेस निघाले. हा कालवा खणून खोल केलेला आहे. दोन्ही बाजूंना उथळ पाणी असल्याने खुणेच्या खांबांमधूनच जावे लागते. कालवा संपला, समुद्र रुंदावला आणि एकेकाळी ओनासिस या धनाढ्य जहाजमालकाचे असलेले स्कॉर्पिओस बेट डावीकडे मागे पडले. दुपारी वारा आला. गृहस्थांनी इंजिन मंद ठेवून नौकेचे तोंड नेमके वाऱ्याकडे केले, कारण मुख्य शीड चढविताना वारा समोरून असावा लागतो. तो बाजूने आला, तर शीड फुगते आणि वर सरकत नाही. बाईंनी डोलकाठीची दोरी विंचवर गुंडाळून शीड चढविले. मग नौका वाऱ्यापासून थोडी वळविली, पुढचे शीड उलगडले आणि इंजिन बंद केले. या क्षणी जी शांतता पसरते, तिच्यासाठीच माणसे शिडाच्या नादी लागतात. पाण्याची सळसळ, दोऱ्यांची बारीक कुरकुर आणि एका बाजूला किंचित कललेली नौका. दुसरा आवाज नाही.

शिडावर दोघांची जोडी उत्तम जमत असे. वाऱ्याच्या दिशेकडे जायचे असेल, तर नौकेला सरळ जाता येत नाही. डावा-उजवा असा नागमोडी मार्ग घ्यावा लागतो आणि प्रत्येक वळणाला नाळ वाऱ्यातून पलीकडे न्यावी लागते. सुकाणूवरचा विचारतो, ‘तयार?’ दोरीवरचा पाहून सांगतो, ‘तयार.’ मगच चाक फिरते. या दोन शब्दांच्या मध्ये जो श्वासाएवढा अवकाश असतो, त्यात सारी सुरक्षितता साठलेली असते. वारा पाठीमागून असताना वळायचे असेल, तर आणखी जपावे लागते. मुख्य शिडाचा खालचा दांडा, ज्याला बूम म्हणतात, तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला अशा वेगाने येतो, की मध्ये डोके सापडल्यास प्राणावर बेतावे. म्हणून दोरी ओढून तो आधी मध्यावर आणतात आणि नंतरच वळतात. हे सर्व बाईंना पाठ होते. फक्त ‘तयार?’ असे विचारणारा आवाज कधी त्यांचा नसे.

इथाकाच्या ईशान्य किनाऱ्यावर किओनी नावाचे गाव आहे. खाडीच्या तोंडाशी तीन जुन्या पवनचक्क्यांचे अवशेष उभे आहेत. आत शिरताच डोंगराच्या उतारावर घरे आणि पाण्यालगत अरुंद धक्का. भूमध्य समुद्राच्या प्रथेप्रमाणे येथे नौका धक्क्याला आडवी लावीत नाहीत. धक्क्यापासून दूर नाळेवरचा नांगर सोडायचा, साखळी सोडीत सोडीत मागे यायचे आणि नौकेची पिछाडी धक्क्याला दोन दोऱ्यांनी बांधायची. थोड्या जागेत पुष्कळ नौका मावतात, हा तिचा लाभ. परंतु नवख्या दांपत्याची परीक्षा पाहणारी अशी दुसरी क्रिया नाही. धक्क्यावरच्या उपाहारगृहांत बसलेल्या मंडळींची ती सायंकाळची करमणूक असते.

त्या सायंकाळी करमणूक या दांपत्याने पुरविली. गृहस्थ चाकावर होते, बाई नाळेवर. दोघांमध्ये दहा मीटरांचे अंतर, मध्ये इंजिनाचा घरघराट आणि बाजूने येणारा वारा. गृहस्थ ओरडले, ते बाईंना अर्धेच ऐकू आले. नांगर धक्क्याच्या फार जवळ पडला. सहा मीटर खोलीत निदान तीस मीटर साखळी तळावर पसरली, तर नांगर आडवा ओढला जाऊन मातीत रुततो. येथे तेवढे अंतरच उरले नव्हते. वाऱ्याने नाळ शेजारच्या नौकेवर ढकलली. बाई धावत मागे आल्या, दोरी घेतली, ‘उडी मार’ असे त्यांना ऐकू आले आणि त्यांनी एक पाय नौकेबाहेर काढला. पिछाडी आणि दगडी धक्का यांच्यामधली फट त्या क्षणी हातभर होती आणि मिटत चालली होती. धक्क्यावरच्या एका वृद्ध कोळ्याने दोन्ही तळवे पुढे करून त्यांना थांबविले आणि दोरी फेकण्याची खूण केली. पाय मागे गेला. पुढच्याच क्षणी सात टनांची नौका दगडावर घासली. नौकेच्या कडेला वीतभर ओरखडा उठला. पाय असता, तर काय झाले असते, हे दोघांनाही सांगावे लागले नाही. नांगर पुन्हा उचलून दुसऱ्यांदा सर्व करावे लागले. ते होईपर्यंत दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

थोड्या वेळाने आणखी एक नौका आली. तिच्यावरही दोघेच, सत्तरीकडे झुकलेले. त्यांच्यात वृद्ध पत्नी चाकावर आणि पती नाळेवर होते. बाईंनी उलट्या गतीत नौका सरळ आणली. पतीने एक हात वर केला, म्हणजे नांगर सुटला. तळवा दाखविला, म्हणजे थांब. मूठ फिरविली, म्हणजे साखळी ओढली जात आहे. तोंडातून शब्द नाही. पिछाडी धक्क्यापासून मीटरभर असताना नौका थांबली, वाऱ्याकडची दोरी आधी आणि दुसरी नंतर धक्क्यावर गेली. काही मिनिटांतच त्यांच्या चहाचे आधण चढले. पुढे संध्याकाळी दोन्ही जोडप्यांची ओळख झाली तेव्हा त्या वृद्ध बाई सहज म्हणाल्या, की चाक फिरवायला ताकद लागत नाही, नांगर आणि ओल्या दोऱ्या हाताळायला लागते. मग ज्याच्या अंगात बळ अधिक, तो चाकावर उभा राहून काय करतो? गृहस्थ हसले. मात्र ते वाक्य रात्रभर नौकेत राहिले.

त्या रात्री दोघांनी एक साधा हिशेब मांडला. नौका सहा नॉट वेगाने चालली असेल, तर ती एका सेकंदात सुमारे तीन मीटर आणि एका मिनिटात सुमारे एकशे पंच्याऐंशी मीटर जाते. चालकच पाण्यात पडला आणि वर राहिलेल्या व्यक्तीला पहिले मिनिट ‘आता काय करू’ यातच गेले, तर लाटांमध्ये नारळाएवढे दिसणारे डोके एवढ्या अंतरावरून शोधावे लागेल. बारा वर्षांत हा प्रसंग आला नव्हता. तो येणार नाही, अशी हमी कोणत्या कागदावर होती? लेफकादाला सही केलेल्या कागदावर तर नव्हतीच. कोकणातल्या मासेमारीच्या होडीवर तांडेल आजारी पडला, तर सुकाणू धरणारे दुसरे अनुभवी हात त्याच होडीत असतात. येथे मात्र दोनच माणसे. त्यांतले एक गेले, की उरलेल्या एकालाच तांडेल व्हायचे आणि खलाशीही.

दुसऱ्या दिवशी ते दोघे इथाकाची राजधानी वाथी येथे गेले. वाथीची खाडी घोड्याच्या नालेसारखी आत वळलेली असून तिच्यात लाझारेतो नावाचे चिमुकले बेट आहे. साथीच्या रोगांच्या काळात जहाजांवरील माणसांना वेगळे ठेवण्याची ती जागा होती. गावातली बरीच घरे १९५३ च्या ऑगस्टमधील भूकंपानंतर पुन्हा बांधलेली आहेत. सकाळी खाडीत वारा नव्हता. मोकळ्या पाण्यात, कोणाच्याही वाटेत न येता, बाईंनी चाक हाती घेतले आणि गृहस्थ तोंडाला कुलूप लावून बाजूस बसले. ही अट बाईंचीच होती.

पहिल्या तासात त्यांना इंजिनाचा स्वभाव कळला. नौकेला ब्रेक नसतो. थांबविण्यासाठी उलटी गती द्यावी लागते. सुकाणूवरून पाणी वाहत असेल, तरच ते काम करते. नौका उभी असताना चाक कितीही फिरविले, तरी व्यर्थ. उलट्या गतीची सुरुवात करताच पंख्याच्या फिरण्यामुळे पिछाडी एका बाजूला सरकते; या नौकेची ती डावीकडे सरकत असे. पहिल्यांदा हा दोष वाटला. दहाव्यांदा लक्षात आले, की तो कोणत्या बाजूला सरकणार हे माहीत असेल, तर त्याचाच उपयोग करून नौका थोड्या जागेत वळविता येते. पुढे एक जोराचा धक्का, मग उलटी गती, पुन्हा पुढे. आणि नौका जवळजवळ स्वतःभोवतीच फिरते. मग नाळेवर गृहस्थ उभे राहिले आणि दोघांनी हाताच्या खुणा ठरविल्या. नांगर पाच वेळा सोडला, पाच वेळा उचलला.

दुपारी वारा आल्यावर दुसरा धडा झाला. गृहस्थांनी एक फेंडर, म्हणजे नौकेच्या कडेला टांगतात ती हवेची गुंडी, पाण्यात फेकली आणि ‘माणूस पडला’ असे म्हणून ते गप्प बसले. बाईंनी ताबडतोब नाळ वाऱ्यातून फिरविली. पुढच्या शिडाची दोरी सोडलीच नाही. शीड उलट्या बाजूने फुगले आणि नौकेचा वेग गेला. हीच युक्ती पुढे नेऊन, मुख्य शीड सैल केले आणि चाक वाऱ्याकडे फिरवून ठेवले, की नौका जवळपास जागीच डुलत राहते. वादळात दमलेली माणसे अशा वेळी जेवूनही घेतात. नंतर पाण्यात एकही दोरी लोंबत नाही, हे पाहून इंजिन लावायचे, कारण पंख्यात दोरी अडकली, तर इंजिनही गेले. माणसाच्या जवळ पोचताना पंखा थांबवायचा. तीन वेळा फेंडर हुकला. चौथ्या वेळी बाईंनी तो हाताने उचलला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. फेंडर हलका होता. भिजलेला माणूस वर घ्यायचा, तर पिछाडीची शिडी किंवा डोलकाठीची दोरी आणि विंच हाच आधार, हेही त्यांनी त्याच सायंकाळी करून पाहिले.

समुद्रावर जोडीने दूर गेलेल्या सर्वांना हे शिकावे लागले आहे. एरिक आणि सुसान हिस्कॉक या इंग्रज दांपत्याने १९५२ ते १९५५ या काळात ‘वाँडरर तृतीय’ या अवघ्या तीस फूट लांबीच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. एरिक यांची दृष्टी तरुणपणापासून अधू होती. एक झोपला असता दुसऱ्याने नौका सांभाळायची, हा तेथे रोजचा नियम होता. अलीकडे भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ या छप्पन्न फुटी नौकेतून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यास परतल्या. दोघीच असल्याने एकीच्या विश्रांतीच्या वेळी दुसरी एकटीच नौकेची धनी असे. अशा प्रवासात ‘माझे काम’ आणि ‘तुझे काम’ ही वाटणी सोयीपुरती असते; ज्ञानाची वाटणी करून चालत नाही.

गुरुवारी ते इथाकाला दक्षिणेकडून वळसा घालून केफालोनियाच्या आयिया एफिमिया गावी गेले होते. शुक्रवारी तेथून उत्तरेस फिस्कार्दोकडे निघाले. केफालोनिया आणि इथाका यांच्यामध्ये लांबट सामुद्रधुनी आहे. दोन्ही बाजूंना डोंगर असल्याने वारा तिच्यातून जसा नळीतून यावा तसा येतो आणि मधूनच घळींमधून त्याचे झोत आदळतात. माइस्त्रो समोरून होता. नागमोडी वळणे घेत ते चालले होते. बाई चाकावर, गृहस्थ दोरीवर. एका वळणानंतर पुढच्या शिडाची दोरी विंचवर नीट बसली नाही. वेढे एकमेकांवर चढून आवळले गेले. अशा वेळी आधी दोरीवरचा ताण काढावा आणि मग वेढे सोडवावेत, हे गृहस्थांना पुरते ठाऊक होते. परंतु घाईने त्यांनी हातानेच वेढा उचकटण्याचा प्रयत्न केला. तोच वाऱ्याचा झोत आला. दोरी ताणली आणि उजव्या हाताची दोन बोटे विंच आणि दोरी यांच्यामध्ये सापडली.

ते ओरडले नाहीत. आवाजच फुटला नाही. बाईंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि काहीही न विचारता नाळ वाऱ्याकडे केली. शीड फडफडू लागले, दोरी सैल झाली, बोटे सुटली. मग त्यांनी नाळ तशीच पलीकडे जाऊ दिली. अडकलेल्या दोरीने धरलेले शीड उलटे फुगले. मुख्य शीड सैल करून त्यांनी चाक वाऱ्याकडे फिरवून अडकविले. क्षणापूर्वी कललेली, आदळणारी नौका शांतपणे डुलू लागली. वाथीच्या खाडीत चार वेळा केलेली ही कृती होती. या वेळी फक्त पाण्यात फेंडर नव्हता.

दोन्ही किनारे पुरेसे दूर आहेत, हे त्यांनी पाहिले आणि हातावर ओला टॉवेल गुंडाळला. बोटे सुजली होती, एक वाकडे झाले होते. पतीला त्यांनी खाली बसविले आणि पाण्यात दोरी नाही, याची खात्री करून इंजिन लावले. नाळ वाऱ्याकडे ठेवून आवळलेले वेढे सोडविले, पुढचे शीड गुंडाळले, मुख्य शीड उतरविले. एकटीने हे करताना प्रत्येक कामाला दुप्पट वेळ लागला. परंतु क्रम चुकला नाही. पाऊण तासात फिस्कार्दोची खाडी दिसू लागली.

१९५३ च्या भूकंपातून केफालोनियावरचे जे थोडे गाव बचावले, ते हे फिस्कार्दो. व्हेनिसच्या काळाची आठवण देणारी फिकट रंगांची घरे धक्क्याभोवती उभी आहेत आणि उन्हाळ्यात धक्का नौकांनी गजबजलेला असतो. दोन नौकांमध्ये एकच जागा शिल्लक होती, वारा बाजूने होता. नाळेवर गृहस्थ बसले. साखळी सोडणाऱ्या विजेच्या यंत्राचे बटण तेथे पायाने दाबता येते. उजवा हात छातीशी धरून त्यांनी डावा हात वर केला. नांगर गेला. बाईंनी उलटी गती दिली, पिछाडी डावीकडे सरकेल एवढे अंतर आधीच राखले होते, ती सरकली आणि जागेच्या समोर आली. डाव्या हाताचा तळवा दिसला. मूठ फिरली. नांगर रुतला होता. पिछाडी धक्क्यापासून मीटरभर असताना नौका थांबली. बाईंनी वाऱ्याकडची दोरी फेकली. धक्क्यावरच्या कोणीतरी ती कडीत अडकवून परत दिली. दुसरी दोरी गेली. उपाहारगृहांत बसलेल्या मंडळींपैकी कोणी मान वर करून पाहिलेही नाही, कारण पाहण्यासारखे काही घडलेच नव्हते. दहा मिनिटांत गावातल्या एका माणसाने आपल्या मोटारीतून गृहस्थांना डॉक्टरांकडे नेले.

शनिवारी लेफकादाच्या कालव्यातून नौका परत नेताना चाकावर बाईच होत्या आणि पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून गृहस्थ खुणेचे खांब मोजीत होते. कार्यालयातल्या माणसाने नौका तपासली, किओनीचा वीतभर ओरखडा वहीत लिहिला आणि हात कशाने दुखावला, असे विचारले. ‘घाईने,’ गृहस्थ म्हणाले.

ओडिसियस घरी आला तेव्हा पेनेलोपीने त्याला लगेच ओळखले नाही. तिने दासीला शयनगृहातील पलंग बाहेर काढण्यास सांगितले. त्यावर तो उसळून म्हणाला, की तो पलंग हलणारच नाही; त्याचा एक खांब म्हणजे जमिनीत मुळे असलेले जिवंत ऑलिव्हचे झाड आहे आणि तो त्याने स्वतः घडविला आहे. ही गोष्ट त्या दोघांना आणि एका दासीलाच ठाऊक होती. त्या सामाईक ज्ञानावरून तिला आपला पती ओळखता आला. वीस वर्षांच्या प्रतीक्षेपेक्षाही त्यांच्या संसाराचा आधार तोच होता: दोघांनाही सारखेच माहीत असलेले काहीतरी.

इथाकाच्या आसपास आजही प्रत्येक सायंकाळी दोन-दोन माणसांच्या नौका आत येतात. काहींवर आरडाओरडा असतो, काहींवर एक हात वर होतो आणि दुसऱ्या टोकाला चाक फिरते. संसारातही बँकेची कागदपत्रे एकालाच ठाऊक, औषधांची नावे एकीलाच ठाऊक, अशी घरे पुष्कळ आहेत. सर्व सुरळीत असेपर्यंत ती वाटणी सोयीची वाटते. शांत पाण्याच्या सकाळी आपले चाक घटकाभर दुसऱ्याच्या हाती द्यावे आणि स्वतः गप्प बसावे. वारा दुपारी येतो.